म्हातारपणाची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



निवृत्तिवेतन हा आकडेमोडीचा विषय म्हणून आपण पुरुषांवर सोडून देतो. परंतु यजमानांच्या मागे त्यावर दिवस काढण्याची वेळ आपल्यावरच येते. तेव्हा हे पैसे येतात कोठून, हे आपण विचारलेच पाहिजे.

आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सरकारी सेवेत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आहे. त्यासाठी वेगळी ठेव नाही. त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून ते दिले जाते. म्हणजे आईच्या नोकरीचे देणे लेकीच्या पिढीने फेडायचे. त्यानंतर लागलेल्यांसाठी पगारातून कापून आणि सरकारचा वाटा घालून ठेव साठू लागली. हे बरे, पण ती बाजाराच्या चढउतारावर, अखेरीस हाती किती पडेल याची शाश्वती नाही. मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका व कर्मचारी संपावर गेले ते याच काळजीने. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून तिसरी वाटही खुली केली: नोकराने शेकडा १०, सरकारने १८.५ घालायचे आणि २५ वर्षांच्या सेवेला सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. मला हीच वाट रास्त वाटते. शब्द द्यावा, पण त्याच दिवशी पैसाही बाजूला काढावा.

याचा धडा आपल्या शेजारीच आहे. वाशी-तुर्भ्याच्या बाजारातला माथाडी आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या. तरी १९६९ च्या कायद्याने व्यापारी मजुरीबरोबर लेव्हीही माथाडी मंडळात भरतो. त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी उभा राहतो.

मग आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईचे काय? तीही चार घरी राबते. साबणाच्या वडीवर करही भरते. म्हातारपणी अटींत बसली, तर श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये. करांच्या पैशावर पहिला हक्क अशांचा असावा, असे मला वाटते.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. अटल पेन्शन योजनेत तिशीत नाव घातले, तर महिना ५७७ रुपयांत साठीनंतर ५००० रुपयांची हमी मिळते. चार घरांत वाटले, तर दर घरी दीडशेही पडत नाहीत. पुढच्या महागाईत ती रक्कम अपुरी पडेल, हे खरे. पण काहीच नसण्यापेक्षा आधार होईल. माथाड्याच्या व्यापाऱ्याला कायद्याने भरावे लागते ते आपण आपणहून भरू या. या महिन्याच्या पगारापासूनच आरंभ करावा, एवढीच विनंती.