पत्र्याखालची अभ्यासिका आणि थंड ग्रंथालय

आज थोडं उन्हाबद्दल बोलू.

लासूर स्टेशनला एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसून अभ्यास केलाय कधी? पंखा फिरतो, पण वरची गरम हवाच खाली ढकलतो. आणि परीक्षा नेमक्या याच दिवसांत! ज्याला एसीवाल्या अभ्यासिकेची फी परवडते, तो रोज जास्त वाचू शकतो. म्हणजे ग्रंथालय कसं बांधायचं हा आपल्या मार्कांचाही प्रश्न आहे.

उत्तर जवळच आहे. संभाजीनगरची पाणचक्की बघा. तिथल्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा.

किंवा आजीचं माळवदाचं घर आठवा. जाड मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात, तोवर संध्याकाळ होते. रात्री खिडक्या उघडल्या की भिंत परत गार. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक, म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत एवढं जमत नाही, तिथे वारा खेळता ठेवावा लागतो.

हे सगळं जुनंच आहे असंही नाही. कोपरगावला 2018 मध्ये एका शाळेसाठी माया सोमय्या ग्रंथालय झालं, आर्किटेक्ट समीप पडोरा. विटांच्या पातळ थरांचं, कमानीसारखं वळलेलं छप्पर. पोरं त्यावर चढून चालतात!

आपलं विद्यापीठ 1958 चं. तिथे किंवा कुठल्याही कॉलेजात नवीन वाचनकक्ष होणार असेल, तर हे विचारा. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला आहेत का? उत्तरेच्या उजेडात दिवा न लावता वाचता येतं, पुस्तकंही उन्हात पिवळी पडत नाहीत. पश्चिमेला जिना आणि स्वच्छतागृह ठेवलंय का? दक्षिणेच्या खिडक्यांना खोल छज्जा? गच्ची पांढरी? आणि रात्री खिडक्या उघडायला माणूस नेमलाय का? कारण माणूस नसेल तर जाड भिंतही तापतच राहते.

समोर काचेची भिंत लावायची आणि मग आत एसी, याला काय अर्थ आहे?

तोवर आपल्या अभ्यासिकेपुरतं एक करा. साधा थर्मामीटर आणा, दुपारी तीनचा आकडा आठवडाभर लिहा. मग पत्र्याला वरून पांढरा रंग मारा, पुन्हा आठवडाभर लिहा. ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकडे दाखवून मागितलेलं टाळणं अवघड जातं.

भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!