खरेदी घरची आणि परमुलखातली



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बचत गटाची ताई, आणि बोलणार खर्चावर! दर महिन्याच्या बैठकीत आपण पैसा साठवायचा कसा यावर बोलतो. आज तो खुशीनं खर्चायचा कसा यावर बोलू. शाळेची फी, दवाखाना, बी-बियाणं यासाठी बचत लागतेच. पण त्याच बचतीत, मनासारखी एखादी वस्तू आपल्या हातानं निवडून घ्यायची हौसही बसते. ही हौस म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे मला आज सांगायचं आहे.

आपल्याकडे कितीतरी घरांत आठवडी बाजार अजून पुरुषच करतात. रांधायचं बाईनं, पण भाजी कोणती आणायची ते ठरवायचं त्यांनी. साडीसुद्धा घरात ‘आणली जाते’. नेसणारीला रंग विचारायची पद्धत नाही. गटात आल्यावर बायका बँकेत जायला लागल्या, तशा बाजारातही जायला लागल्या. बाजारात गेलेली बाई चार दुकानं फिरते, हात लावून बघते, भाव करते, पटलं नाही तर ‘राहू द्या’ म्हणून पुढं जाते. ‘राहू द्या’ म्हणता येणं हा खरेदीतला निम्मा आनंद आहे. पिशवी रिकामी आली तरी चालते, निवड आपली असते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात फिरायला बाजार काय कमी आहेत? रविवारी जाफर गेटचा बाजार, कापडचोपडाला गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट, दागिन्यांना सराफा. नाथषष्ठीला पैठणची जत्रा भरते, तिथं वाऱ्या करून आलेल्या बायका दर्शनानंतर बांगड्या, कुंकू, पाट्या-वरवंटे बघत फिरतात. त्यांचे चेहरे बघा. सगळ्या थकलेल्या असतात, तरी दुकानापुढून पाय निघत नाही.

पैठणचं नाव निघालं, तर पैठणीचं बोलू. घेणं जमेल तेव्हा जमेल, पण ओळखता यायला पैसे पडत नाहीत. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटून बघा. मोर, कमळ, वेलबुट्टी पुढून जशी दिसते तशीच मागूनही दिसते. विणकर प्रत्येक रंगाचा धागा हातानं अडकवत जातो, म्हणून मागं लोंबते धागे राहत नाहीत. यंत्रमागाच्या साडीला मागच्या अंगाला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. यंत्रमागाची साडी घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त तिला हातमागाचा भाव देऊ नका. रेशमाची खात्री हवी तर ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी मागा. आपल्या शहराचं हिमरू कापडही असंच बघण्यासारखं आहे. त्यात सूत आणि रेशीम दोन्ही असतं, म्हणून ते रेशमासारखं दिसतं आणि अंगाला सुताचं सुख देतं. आपल्याच जिल्ह्यातल्या किती बायकांनी हिमरूची शाल हातात घेऊन पाहिली आहे?

सोन्याचंही तसंच. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि अंक-अक्षरांचा मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती येते. पोरीच्या मोबाइलवर बघता येईल. 2 ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून चार मणी घेताना जास्त जपायचं. आणि पक्कं बिल घ्यायचंच. फसवणूक झाली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुणे येतात, ते खरेदी कशी करतात हे कधी पाहिलंय? एखादी हातानं केलेली वस्तू दिसली की थांबतात. कोणी केली, किती दिवस लागले, असं विचारतात. आपलं रोजचं गाव हे त्यांच्यासाठी परदेश आहे. रोजच्या बाजारात आपली नजर मेलेली असते, परक्या बाजारात ती जागी होते. परमुलखातल्या खरेदीची गंमत ही आहे.

‘ताई, आम्ही कुठं परदेशात जाणार?’ असं म्हणू नका. आपल्या गावांतून काशी-अयोध्येच्या यात्रेच्या गाड्या निघतात, त्यातल्या पुष्कळ सोनौलीवरून पुढं पशुपतिनाथाला जातात. नेपाळ म्हणजे दुसरा देश. तिथं जाऊन आलेली बाई परदेशात जाऊन आली, हे तिनं ठसक्यात सांगावं.

काठमांडूच्या जुन्या शहरात असन आणि इंद्रचोक हे बाजार आहेत. असनमध्ये भरबाजारात अन्नपूर्णेचं देऊळ आहे. धान्य, मसाले, भांडी यांच्या गर्दीत देवी बसलेली. इंद्रचोकाजवळ पोत्यांचा बाजार आहे. पोते म्हणजे बारीक काचमण्यांच्या माळा. आपण ‘काळी पोत’ म्हणतो ना, तोच शब्द हिमालयापर्यंत गेलेला दिसतो! नेपाळी सुवासिनी लाल-हिरवे पोते घालतात आणि त्यात ‘तिलहरी’ नावाचा सोन्याचा लांबट मणी ओवतात. मापाप्रमाणं माळ तिथंच ओवून देतात, आपला पटवेकरी देतो तशी. आपल्या हरतालिकेच्या दिवशीच त्यांची तीज असते, तेव्हा या बाजारात लाल रंगाचा पूर येतो. भाषा येत नसली तरी मण्यांपुढं बसलेल्या दोन बायकांना एकमेकींचं सगळं कळतं.

आता कामाच्या चार गोष्टी. भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160. दुकानदारानं 800 सांगितले, तर आधी विचारा, ‘नेपाळी की भारतीय?’ नेपाळी असतील तर आपले 500च होतात. तिथले व्यापारी ‘एनसी’ आणि ‘आयसी’ म्हणतात: एनसी म्हणजे नेपाळी पैसा, आयसी म्हणजे आपला. आपल्या 100च्या आणि त्याखालच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी बँकेत विचारा. आधार कार्डावर भिस्त ठेवू नका, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर घ्या.

रुद्राक्ष घ्यायचा तर साधा पंचमुखी घ्या. तो भरपूर पिकतो आणि परवडतो. ‘एकमुखी आहे, तुमच्यासाठी म्हणून देतो’ असं कोणी म्हणालं की पाय काढता घ्या. पाण्यात बुडतो म्हणजे खरा, ही परीक्षाही पक्की नाही. पश्मिना ही ‘च्यांग्रा’ नावाच्या डोंगरी शेळीच्या आतल्या मऊ लोकरीची असते. ती दोनशे-तीनशेला मिळत नाही. त्या भावात मिळते ती ॲक्रिलिकची शाल. ऊब तीही देते, फक्त तिला पश्मिना म्हणून पैसे देऊ नका. सोनं मात्र परमुलखात घेऊच नका. आपला तोळा 10 ग्रॅमचा, नेपाळचा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. भावाची तुलनाच चुकते, आणि सीमेवरचे कस्टमचे नियम वेगळेच.

आणखी एक गोष्ट आपल्या गटांना आवडेल. नेपाळात लोक दर महिन्याला पैसे गोळा करतात आणि पाळीपाळीनं एकेकाला देतात. आपली भिशीच! तिला तिकडं ‘ढुकुटी’ म्हणतात. काठमांडूशेजारच्या ललितपूरमध्ये ‘ढुकुटी’ नावाचंच एक दुकान आहे. 1984मध्ये स्थापन झालेल्या कारागिरांच्या संस्थेचं ते दुकान, आणि तिथल्या कारागिरांत बायकाच जास्त. अशा ठिकाणी एखादी पिशवी घेतली, तर आपल्यासारख्याच कुणा बाईच्या हातात पैसा जातो. घरीही तेच धोरण ठेवा. पापड, मसाला, गोधडी शेजारच्या गटाची घ्या.

शेवटी मनात सलणारी एक गोष्ट. यात्रेहून आलेल्या बायकांच्या पिशव्या मी नेहमी बघते. नातवाला खेळणं, मालकांना टोपी, जावेला बांगड्या, शेजारणीला प्रसाद आणि गंगाजळ. ‘आणि तुम्हाला काय घेतलं, मावशी?’ म्हणून विचारलं की म्हणतात, ‘मला काय करायचंय आता?’ मैत्रिणींनो, आयुष्यभर शेतात राबून, पै-पै साठवून ती बाई पहिल्यांदा दुसऱ्या देशात गेली, आणि स्वतःसाठी तिला वीस रुपयांची पोतही घ्यावीशी वाटली नाही. तिला हौस नव्हती, असं मी मानत नाही. तिला कोणी सवयच लावली नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. घरच्या हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवा आणि त्याला ‘हौस’ असं नाव द्या. आठवड्याला दहा रुपये टाका, वर्षाचे 520 होतात. नियम तीनच. हौसेसाठी गटाचं कर्ज काढायचं नाही. हप्त्याच्या पैशाला हात लावायचा नाही. आणि या रकान्यातून घेतलेली वस्तू स्वतःची, स्वतः निवडलेली असली पाहिजे. तो खर्च लपवून ठेवू नका, वहीत लिहा. लपवलेल्या साडीचं सुख मिळत नाही, ती नेसताना सारखं दाराकडं लक्ष राहतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं स्वतःसाठी घेतलेली एक वस्तू घेऊन या, मग ती कंगवा असो की साडी. कुठं घेतली, किती भाव केला आणि तीच का निवडली, हे सगळ्यांना सांगा. ज्यांच्याकडं अशी वस्तू नसेल, त्यांनी रिकाम्या हातानं या. मग येत्या रविवारी त्यांच्याबरोबर आपण सगळ्या मिळून बाजाराला जाऊ.