ग्रेनाशची पारख

केदारखेडें ज्या तालुक्यांत येतें तें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं इटलीचें मद्य उतरत असल्याची नोंद आहे. तेव्हां द्राक्षमद्य आपणांस अगदींच परकें नव्हे. पारख मात्र नव्यानें शिकावी लागते.

ग्रेनाश या द्राक्षास स्पेनमध्यें गार्नाचा म्हणतात. फ्रान्समधील शातोनफ-द्यु-पाप येथील उंची तांबड्या मद्याचा तें कणाच होय. साल पातळ, पिकण्यास विलंब, ऊन प्रिय. म्हणून मद्याचा रंग फिका, पण मद्यार्क पुष्कळदां शेंकडा १४ च्या वर. रंग पाहून त्यास पाणचट म्हणणारा येथेंच फसतो.

तांबडें मद्य खोलीच्या उष्णतेवर प्यावें, हा संकेत युरोपांतील थंड घरांचा. मराठवाड्याच्या वैशाखांत तो पाळल्यास नाकास मद्यार्काचा भपकाच येईल! बाटली सेंटिग्रेड १६ अंशांच्या सुमारास आणावी. पेला तृतीयांश भरून हलकेच फिरवावा, मग हुंगावा: प्रथम स्ट्रॉबेरी, मागाहून पांढऱ्या मिऱ्याची झांक. घोट जिभेवर घोळवावा. तुरटपणा थोडा, ऊब अधिक. सोबतचें भरलें वांगें बेतानेंच तिखट असावें, कारण तिखटानें ती ऊब जाळूं लागते. ऊब फळाच्या चवीस दडपीत असेल, तर मूल्य कांहींही असो, त्या मद्यास मी उंची म्हणणार नाहीं.