तात्या टोपे नर्मदा ओलांडतात तेव्हा
(गणेशोत्सवात मुन्शी घाटावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात लागलो, सारी नोकरी तारा आणि केबलींत गेली. तेव्हा बोलण्यात तारा आल्या तर सांभाळून घ्यावे.

तात्या म्हणजे येवल्याचे रामचंद्र पांडुरंग टोपे. वडील दुसऱ्या बाजीरावांबरोबर बिठूरला गेले आणि तात्या तिथेच वाढले. काशीकर मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई अधिक जवळच्या, कारण भदैनीला त्यांचे जन्मस्थान आहे. तात्यांचे नाव निघाले की मात्र आपण एकदम फाशीवर येतो. खरे तात्या दिसतात ते त्याआधीच्या नऊ-दहा महिन्यांत.

जून १८५८ मध्ये राणी पडल्या, ग्वाल्हेर गेले. किल्ला नाही, खजिना नाही, राहायला गाव नाही. तिथून तात्यांचा गनिमी कावा सुरू झाला. टोंक, बनास नदी, झालरापाटण. ऑगस्टमध्ये बनासकाठी तोफा गेल्या, महिना संपण्याआधी झालरापाटणला नव्या मिळाल्या, सप्टेंबरात बियावऱ्याजवळ त्याही गेल्या. तोफा गेल्या तरी माणूस हाती लागत नव्हता. मिशेल, पार्क आणि आणखी अर्धा डझन इंग्रज सेनाधिकारी मागावर होते. रेल्वे माळव्यात अजून यायची होती. अलाहाबाद-कानपूर गाडीच मुळी मार्च १८५९ ला सुरू झाली. पण आग्रा-मुंबई तार होती, ग्वाल्हेर-इंदूरवरून जाणारी. इंग्रजांची खबर तारेने जाई, तात्यांची घोड्यावरून. आमच्या खात्यातल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको. तरीही ते इतके दिवस टिकले, कारण वाटेतली माणसे धान्य आणि बातमी देत होती.

आणि ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस होशंगाबादच्या वरच्या अंगाला तात्यांनी नर्मदा ओलांडली. पेशवाई बुडून चाळीस वर्षे झाली होती. पेशव्यांच्या नावाने लढणारी फौज दक्षिणेच्या बाजूला उतरली म्हटल्यावर मुंबई आणि मद्रासचे सरकार हादरले. मुलताईपर्यंत ते पोहोचले, पुढे नागपूर.

आज आपण जमलो आहोत तो घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. ते नागपूर राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले. मग नागपूर उठले का नाही? लोक भ्याले, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. जून १८५७ मध्ये तिथे उठावाचा बेत झाला होता. तो फुटला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. राणी बांकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. जवळच कामठीची छावणी. तात्या आले ते जवळजवळ दीड वर्ष उशिरा. रस्ता अडवलेला पाहून ते पश्चिमेला निमाडकडे वळले आणि पुन्हा नर्मदा ओलांडून उत्तरेत गेले. मला वाटते, लढाईचा निकाल तिथेच लागला; नरवरच्या मानसिंगाची दगाबाजी एप्रिलमधली, ती नंतरची.

शिवपुरीच्या लष्करी न्यायालयात तात्यांनी एवढेच सांगितले की मी केले ते माझ्या धन्याच्या, पेशव्यांच्या, हुकमाने केले. १८ एप्रिल १८५९ ला फाशी झाली. फाशी गेले ते तात्या नव्हतेच, असे मानणारेही आहेत. टोपे घराण्यातले पराग टोपे यांनी २०१० च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात मांडले आहे की तात्या जानेवारी १८५९ मध्येच लढताना पडले. घरच्या माणसाने कागद धुंडाळून लिहिले आहे, तेव्हा ते जरूर वाचावे. मला स्वतःला मात्र शिवपुरीचा खटला खोटा ठरवण्याइतका तो पुरावा वाटत नाही.

शिवपुरीत त्यांचा पुतळा आहे. भोपाळला अख्खे तात्या टोपे नगर आहे, पण सगळे म्हणतात टी. टी. नगर. आमच्यातला एक नवा पोरगा ती तिकीट तपासनिसांची वसाहत समजत होता! आपल्यापैकी बरेच जण कामायनीने गावी जातात. भोपाळच्या पुढे नर्मदेचा पूल लागतो, तेच जुने होशंगाबाद, २०२२ पासून नर्मदापुरम. पुलावर नाणे टाकतोच आपण. मुलांना जागे करून एवढे सांगा, की इथून वरच्या अंगाला तात्या उतरले होते आणि त्यांना नागपूरला जायचे होते.