शाप की वरदान?

श्रोतेहो, आपल्या शाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात. विषय बहुधा ठरलेला: 'जागतिकीकरण, शाप की वरदान?' गुरुजी भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करतं, टाळ्या पडतात, ढाल घरी येते. मग त्याला हळूच विचारा, "बाळा, जागतिकीकरण म्हणजे काय रे?" ते गप्प राहील.

खरं तर ही गोष्ट त्याच्या परसदारीच आहे. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघानं भारतीय आंब्याची आयात थांबवली. कारण होतं मालात सापडलेली फळमाशी. २०१५ च्या आरंभी ही बंदी उठली. कलमाखाली पडलेलं किडकं फळ वेचून पुरलं की नाही, याचा हिशेब असा सातासमुद्रापलीकडे होतो.

दुसरं उदाहरण गुहागर तालुक्यातलं. तिथं अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला. १९९३ साली वीज मंडळाशी करार झाला. मंडळानं वीज घेतली नाही, तरी ठरलेला आकार भरायचा, आणि तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला. १९९५ साली राज्य सरकारनं करार रद्द केला. पुढं फेरबदल करून तो स्वीकारला. १९९९ साली वीज सुरू झाली, २००१ साली बंद पडली. नंतर सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला. त्या काळात सभा झाल्या, मोर्चे निघाले. 'हवा' आणि 'नको' असे दोन्ही आवाज उठले. पण कराराचा मजकूर गावकऱ्याच्या हाती कुठं होता?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक सुचवतो. पाठांतर सोडा. मुलांना दोन बाजू वाटून द्या आणि पुरावा आणायला सांगा: बागायतदाराकडून, घरच्या वीजबिलावरून, ग्रामपंचायतीच्या दप्तरातून. आठवड्यानं बाजू बदला. काल 'हो' म्हणणाऱ्यानं आज 'नाही' म्हणायचं. विरुद्ध बाजूचं म्हणणं नीट मांडता आलं, म्हणजे वाद कळला.

आणि गावकरी मंडळी, १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा हक्क आहे. मतदारयादीत नाव असलं की ग्रामसभेतही जागा आहे. पण पोरगा उठून उभा राहिला की आपण म्हणतो, "तू गप्प बस, तुला काय कळतंय?" मग तो मुकाट्यानं मुंबईची गाडी धरतो. आज आपण घेतलेल्या निर्णयाचं बरंवाईट पुढची तीस-चाळीस वर्षं त्यालाच भोगायचं आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. उत्तर लगेच सापडलं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र इतिवृत्तात लिहून घ्या.