बुडते घर आणि वाढते शहर



आज आम्ही आपल्यापुढे घराविषयी चार शब्द बोलणार आहोत. विषय नवा नाही. पण जे दुःख सर्वांना ठाऊक असते त्याचीच दाद कोणी घेत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पावसाळा आला की कोल्हापुरात सर्वांचे डोळे राजाराम बंधाऱ्याकडे लागतात. तेथे पंचगंगा 39 फुटांवर गेली म्हणजे इशारा आणि 43 फुटांवर गेली म्हणजे धोका. 2005 साली महापूर आला. 2019 च्या ऑगस्टात नदी 55 फुटांच्या वर गेली, आणि 2021 च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग ओढवला. पण पाणी सर्वांच्या दारी एकाच वेळी येत नाही. ते आधी सुतारवाड्यात शिरते. शाहूपुरीतील कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प यांनाही ते सोडीत नाही. नावेच पाहा! एक सुताराचा वाडा, दुसरी कुंभाराची गल्ली. ज्यांनी शहराला दारे-खिडक्या आणि मूर्ती दिल्या, त्यांच्याच नावाच्या वस्त्या पाण्याखाली जातात.

कुंभाराचा हंगाम आषाढ-श्रावणात. गणपती वाळत ठेवलेले, रंग द्यावयाचा राहिलेला, डोक्यावर उसनवारी. आणि एका रात्रीत सर्वांची माती. नोकरदाराच्या घरात पाणी आले तर त्याचे घर भिजते. कारागिराच्या घरात पाणी आले तर घर, कारखाना, दुकान आणि भांडवल ही चारही एकदम बुडतात.

कोणी म्हणेल, पाऊस देवाचा, त्याला माणसाने काय करावे? आम्ही विचारतो, पाऊस देवाचा खरा, पण भराव कोणाचा? नदी फुगली म्हणजे जयंती नाल्याचे पाणी तिच्यात शिरत नाही. ते मागे फिरते व सखल वस्तीत पसरते. पाणी पसरावयाची जी मोकळी जागा, तीवर भराव टाकून इमारती उठविल्या, तर ते पाणी जाणार कोठे? ज्याची जोती सर्वांत खाली, त्याच्याच उंबऱ्यात!

आता शहराच्या वाढीचे पाहू. 1854 साली येथे नगरपालिका झाली, 1972 साली महानगरपालिका झाली. त्यानंतरची पन्नास वर्षे शहराची हद्द सुमारे 67 चौरस किलोमीटरचीच राहिली. 2011 च्या शिरगणतीत तीत 5,49,236 माणसे मोजली गेली. माणसे वाढली, जागेचा भाव वाढला. उंचावरची जागा पैसेवाल्याने घेतली, सखल जागा गरिबाला राहिली. भोवतालच्या 42 गावांसाठी 2017 साली प्राधिकरण नेमले. हद्दवाढीचे नाव काढले की गावकरी भितो. कर वाढेल, शेत जाईल, पदरात काय पडेल, असे तो विचारतो. त्याची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने शहरात आणावयाची योजना 2013 साली मंजूर झाली. ते पाणी शहरात यावयास 2023 साल उजाडले. पिण्याचे पाणी यावयास दहा वर्षे, आणि पुराचे पाणी यावयास एक रात्र! हा हिशेब पाहून कोणता शेतकरी विश्वास टाकील?

मग हे काम अशक्य आहे काय? याच कोल्हापुरात ते एकदा झालेले आहे. 1891 साली रेल्वे आली आणि 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली. तेथे नुसती घरे नव्हती, व्यापारही होता. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातील मुलाला शहरात छप्पर मिळाल्यावाचून त्याला शाळा मिळणार नाही, हे महाराजांनी ओळखले होते. छप्पर आणि पोटाची किंवा विद्येची सोय ही त्यांनी एकत्र पाहिली.

आमचे सांगणे एवढेच आहे. पूररेषेतील कारागिराला उंच जागा द्या, पण ती त्याच्या कामाजवळ द्या. घर चार कोसांवर आणि बाजार पेठेत, अशी सोय केली तर तो पुन्हा नदीकाठीच येईल. नव्या घरापुढे मूर्ती वाळावयास अंगण हवे, चाकाला व रंध्याला जागा हवी. जागेचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. आणि जेथे शहर न्यावयाचे तेथे आधी नळ, गटार व रस्ता न्यावा, कर मागून मागावा.

पण सर्व भार सरकारवर टाकून आपण स्वस्थ बसू नये. 2015 साली निघालेल्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधावयास मदत आहे. पण ज्याच्याजवळ जागेचा कागदच नाही त्याला ती कशी मिळावी? म्हणून घरोघरी कागद तपासा. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. त्या वेळी बिल्डराचा माणूस कचेरीत हजर असतो. कुंभार, सुतार व शेतकरी मात्र घरी असतो. यापुढे तसे होऊ देऊ नका. ज्याला लिहिता येते त्याने शेजाऱ्याची हरकत लिहून द्यावी. नाल्यात केरकचरा टाकणाऱ्याचा हात, तो आपला असला तरी, धरावा.

शहर म्हणजे उंच इमारती नव्हेत. सुतारवाड्यातील आई पावसाच्या रात्री पोरांना कुशीत घेऊन निर्धास्त झोपेल, त्या दिवशी कोल्हापूर वाढले असे आम्ही म्हणू.