मनाचे औषध आणि दुकानातील डबी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. औषधाच्या बाबतीत काय लपवू नये, एवढेच सांगणार आहे.

उदासीनता हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तरीही कित्येक घरांत फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रॅमची गोळी कपाटात दडवून ठेवली जाते. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, ही धास्ती असते. अशा वेळी कोणी हितचिंतक मन प्रसन्न करणारी म्हणून एखादी डबी आणून देतो. डॉक्टरांना डबीची खबर नसते आणि डबी देणाऱ्याला गोळीची. धोका नेमका येथेच आहे.

मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य असते. वरील गोळ्या त्याचा प्रभाव वाढवतात. दुकानात किंवा घरपोच मिळणाऱ्या '५-एचटीपी'पासून शरीर सेरोटोनिनच तयार करते. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीचा परिणामही त्याच दिशेने होतो. टाकीची तोटी अरुंद करून वरून दुसरा नळ सोडावा, तसे हे आहे. अशा वेळी हातपाय थरथरणे, घाम, जुलाब, अस्वस्थता, छातीत धडधड अशी लक्षणे काही तासांतच दिसू शकतात. तीव्र ताप, स्नायू ताठरणे व भ्रम झाल्यास जीवही जाऊ शकतो. खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमिथॉर्फनही या गोळ्यांबरोबर अपाय करू शकते.

"जडीबुटीच तर आहे, काय होणार?" असे आपण म्हणतो. सर्पगंधा आठवा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. पुढे तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या. ज्या मुळीत गुण आहे, तिच्यात अवगुणही असू शकतो. सेंट जॉन्स वर्टमुळे इतर औषधांचा असर कमी होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली दिला होता.

आपल्या देशात अशा बऱ्याच डब्या औषध म्हणून नव्हे, तर २०१६ च्या नियमांनुसार अन्नपदार्थ म्हणून विकल्या जातात. 'औषधी उपयोगासाठी नाही' असे त्यांवर छापलेले असते. ते वाचावे.

मात्र हे ऐकून घाबरून डॉक्टरांची गोळी एकाएकी बंद करू नका. त्यानेही त्रास होतो. शिवाय फ्लुओक्सेटिनचा अंश बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहतो. तेव्हा "गोळी सोडली, आता डबी चालेल" हा हिशोब चुकीचा आहे.

दवाखान्यात जाताना घरातील गोळ्या, चूर्ण, हकीमसाहेबांचे माजून, सर्व काही पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. वरील लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. मन मोकळे करायला कोणी नसेल, तर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मित्राने दिलेली गोळी घेऊ नका. आणि पालकहो, मुलाने मनाचे दुखणे सांगितले तर त्याला गप्प करू नका. आज घरात गप्प बसलेला मुलगा उद्या डॉक्टरांपुढेही गप्पच बसेल.